‘कन्फ्यूज’ हे क्रियापद इंग्रजीत कसे वापरावे: गोंधळ कोणाचा, कशामुळे आणि कशाबद्दल

दादरला संध्याकाळच्या वर्गात मी नोकरी करणाऱ्या मंडळींना इंग्रजी शिकवते. प्रत्येक नव्या तुकडीत पहिल्या आठवड्यातच एक वाक्य हमखास कानावर पडते: ‘मॅडम, आय ॲम कन्फ्यूजिंग.’ बोलणाऱ्याला म्हणायचे असते, ‘मॅडम, मी गोंधळले आहे.’ इंग्रजी ऐकणाऱ्याला मात्र ऐकू येते, ‘मॅडम, मी इतरांना गोंधळात टाकणारी व्यक्ती आहे.’ ही चूक हुशार, वाचणाऱ्या, कार्यालयात रोज इंग्रजी पत्रव्यवहार करणाऱ्या माणसांकडूनही होते आणि एकदा दुरुस्त करून दिली तरी पंधरा दिवसांनी परत येते.

ती परत येण्याचे कारण आपल्या रोजच्या मराठीत आहे. ‘मी कन्फ्यूज झालो’, ‘मला कन्फ्यूज करू नकोस’ अशी वाक्ये आपण दिवसभर बोलतो आणि मराठी म्हणून ती चालतात. त्या वाक्यांत ‘कन्फ्यूज’ हा शब्द जागचा हलत नाही. काळ, पुरुष आणि कोणी कोणाला गोंधळवले हे सांगण्याचे सगळे काम ‘होणे’ आणि ‘करणे’ ही मराठी क्रियापदे करतात. तेच वाक्य इंग्रजीत नेताना ‘झालो’ मराठीतच राहून जाते आणि उघडाबोडका ‘कन्फ्यूज’ पलीकडे पोहोचतो. म्हणून शब्दार्थ पाठ करून ही चूक जात नाही. वाक्य बनवण्याचा क्रम बदलावा लागतो, आणि तो क्रम मी पुढे देत आहे.

पूर्वतयारी: स्वतःची दहा वाक्ये गोळा करा

व्याकरणाचे पुस्तक उघडण्याआधी मोबाइल उघडा. व्हॉट्सॲपच्या आणि ईमेलच्या शोधपट्टीत या शब्दाची पहिली सहा इंग्रजी अक्षरे टाइप करा. तुम्ही स्वतः लिहिलेली जितकी वाक्ये सापडतील, त्यांतली दहा एका वहीत जशीच्या तशी उतरवा. चुका दुरुस्त करू नका. प्रत्येक वाक्याखाली दोन ओळी रिकाम्या सोडा. पहिल्या ओळीत त्या वेळी तुमच्या मनात असलेले मराठी वाक्य लिहा आणि दुसरी ओळ शेवटच्या दुरुस्तीसाठी ठेवा.

मनातले मराठी वाक्य लिहिताना ‘कन्फ्यूज’ हा शब्द वापरू नका, एवढे पथ्य काटेकोरपणे पाळा. ‘मी कन्फ्यूज झाले होते’ असे लिहिले तर तयारी वाया गेली. ‘मला त्या पत्रातला तिसरा मुद्दा कळला नव्हता’ असे लिहिले तर निम्मे काम झाले.

टप्पा १: हा ‘गोंधळ’ नेमका कोणता, ते ठरवा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. आपला ‘गोंधळ’ हा शब्द फार ऐसपैस आहे आणि त्याच्या पोटात सहा वेगवेगळ्या गोष्टी मावतात. इंग्रजी क्रियापद त्यांतल्या मोजक्याच गोष्टींना चालते.

पहिली गोष्ट म्हणजे न उमगणे. सूचना वाचली, पण अर्थ लागला नाही. दोन माणसांनी दोन वेगळी उत्तरे दिली आणि खरे काय ते कळेनासे झाले. इथे ‘कन्फ्यूज’ अगदी बरोबर बसते.

दुसरी गोष्ट म्हणजे गल्लत. एका वस्तूला, नावाला किंवा माणसाला दुसरेच समजणे. ‘गल्लत करणे’ हा मराठी शब्दप्रयोग ‘कन्फ्यूज’च्या या अर्थाला इतका चपखल आहे की, मी विद्यार्थ्यांना वहीत तो जोडीने लिहायला सांगते. बाहेरगावाहून येणारे पाहुणे मुंबई सेंट्रल आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या दोन स्थानकांत गल्लत करतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण नावात ‘सेंट्रल’ असलेले स्थानक मध्य रेल्वेवर नसून पश्चिम रेल्वेवर आहे. इंग्रजीत हे वाक्य असे होईल: ‘व्हिजिटर्स ऑफन कन्फ्यूज मुंबई सेंट्रल विथ सीएसएमटी.’

तिसरी गोष्ट म्हणजे निर्णय न होणे, आणि सर्वाधिक चुका इथे होतात. दहावीच्या निकालानंतर घरोघरी ऐकू येते, ‘सायन्स घेऊ की कॉमर्स, मी कन्फ्यूज आहे.’ या मुलाला सायन्स म्हणजे काय आणि कॉमर्स म्हणजे काय, हे नीट माहीत आहे. त्याला फक्त ठरवता येत नाही. त्याचे मन द्विधा आहे. इंग्रजीत त्याने म्हणावे, ‘आय कान्ट डिसाइड बिटवीन सायन्स अँड कॉमर्स’, किंवा ओढाताण जास्त असेल तर ‘आय ॲम टॉर्न बिटवीन द टू’. ‘आय ॲम कन्फ्यूज्ड बिटवीन सायन्स अँड कॉमर्स’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास चालते, परंतु भारताबाहेरच्या वाचकाला ते खटकते.

चौथी गोष्ट म्हणजे तारांबळ. ‘मुलाखतीत मी पार गोंधळून गेलो’ असे म्हणताना प्रश्न कळला नव्हता असे आपल्याला सांगायचे नसते. घाबरल्यामुळे येणारे उत्तरही तोंडातून फुटले नाही, असे सांगायचे असते. यासाठी ‘आय गॉट फ्लस्टर्ड’ किंवा साध्या शब्दांत ‘आय गॉट नर्व्हस’ म्हणावे.

पाचवी गोष्ट म्हणजे आरडाओरडा. ‘पोरं गोंधळ घालत आहेत’ किंवा ‘सभागृहात गोंधळ’ या वाक्यांचा ‘कन्फ्यूज’शी काहीही संबंध नाही. पोरांसाठी ‘द चिल्ड्रन आर मेकिंग अ रॅकेट’, तर सभागृहासाठी ‘अपरोअर’ हे नाम वापरावे.

सहावी गोष्ट म्हणजे घोळ, म्हणजे प्रत्यक्ष झालेली चूक. दोन ग्राहकांची पार्सले एकमेकांकडे गेली, तर ते इंग्रजीत ‘मिक्स-अप’. अशा वेळी ‘देअर वॉज सम कन्फ्यूजन’ असे लिहिणारे पुष्कळ असतात, पण त्यातून चूक झाल्याची कबुली नीट मिळत नाही आणि ग्राहक जास्त चिडतो. चूक झाली असेल तर ती चूक म्हणूनच लिहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

*पडताळा:* वहीतील प्रत्येक मराठी वाक्यापुढे १ ते ६ पैकी एक आकडा लिहा. १ आणि २ हे आकडे असलेली वाक्येच पुढच्या टप्प्यांत न्या. बाकीच्यांना दुसरा शब्द लागणार आहे.

*सावधान:* रुग्णालयात हा शब्द विशेष जपून वापरा. वैद्यकीय इंग्रजीत रुग्ण ‘कन्फ्यूज्ड’ आहे, याचा अर्थ त्याला दिवस, ठिकाण किंवा समोरची माणसे यांचे भान राहिलेले नाही, असा होतो. माझ्या एका विद्यार्थ्याने परराज्यातील तज्ज्ञ डॉक्टरांना फोनवर सांगितले, ‘माय फादर इज कन्फ्यूज्ड सिन्स यस्टरडे.’ शस्त्रक्रिया करावी की नाही, हे वडिलांना ठरवता येत नव्हते, इतकेच त्याला सांगायचे होते. डॉक्टरांनी लगेच विचारले, त्यांना आज कोणता वार आहे ते सांगता येते का, ते तुम्हाला ओळखतात का, बोलताना जीभ अडखळते का. हा घाबरून वडिलांच्या खाटेकडे पाहू लागला. ते उशीला टेकून वर्तमानपत्र वाचत होते. ‘माय फादर हॅजन्ट डिसायडेड अबाउट द ऑपरेशन यट’ एवढे एक वाक्य पुरेसे होते.

टप्पा २: गोंधळवणारे कोण आणि गोंधळलेले कोण, हे वेगळे करा

मराठीत दोन क्रियापदे आहेत: ‘गोंधळणे’ आणि ‘गोंधळवणे’. पहिल्याला कर्म लागत नाही, दुसऱ्याला लागते. इंग्रजीतील ‘कन्फ्यूज’ हे दुसऱ्या प्रकारचे आहे. त्याचा खरा अर्थ ‘गोंधळात टाकणे’ असा आहे. ‘गोंधळणे’ यासाठी इंग्रजीत वेगळे क्रियापद नाही, ते याच क्रियापदाच्या दुसऱ्या रूपातून तयार करावे लागते. शब्दकोशात नुसते ‘गोंधळणे’ वाचून थांबलेला माणूस म्हणूनच ‘आय कन्फ्यूज’ किंवा ‘आय कन्फ्यूज्ड’ असे अर्धवट वाक्य बोलतो आणि ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो: कोणाला गोंधळवले? कशाची गल्लत केली?

वहीत दोन रकाने आखा. डावीकडे गोंधळवणारी गोष्ट लिहा, उजवीकडे गोंधळलेले माणूस लिहा. दादर स्थानकाचे उदाहरण घ्या. पूर्वी तेथे पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही बाजूंचे फलाट १ पासून मोजले जात, त्यामुळे ‘फलाट क्रमांक ३’ म्हटले की कोणता तीन, हे विचारावे लागे. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ क्रमांक तसेच ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक देण्यात आले. यात गोंधळवणारे म्हणजे जुने क्रमांक आणि गोंधळलेले म्हणजे प्रवासी. दोन रकाने भरले की वाक्य सरळ उतरते: ‘द ओल्ड प्लॅटफॉर्म नंबर्स कन्फ्यूज्ड पॅसेंजर्स.’

डावीकडचा रकाना पुढे घेतला तर क्रियापद साधे राहते. उजवीकडचा रकाना, म्हणजे माणूस, पुढे घेतला तर वाक्य फिरवावे लागते: ‘पॅसेंजर्स वेअर कन्फ्यूज्ड बाय द ओल्ड प्लॅटफॉर्म नंबर्स.’ आपण मराठी माणसे बहुतेक वेळा माणसापासून सुरुवात करतो, त्यामुळे हे फिरवलेले वाक्य आपल्याला जास्त लागते. दोन्ही प्रकारे किमान पाच वाक्ये लिहून काढा.

*सावधान:* ‘डोन्ट कन्फ्यूज’ एवढ्यावर वाक्य संपवू नका. ‘गोंधळू नकोस’ यासाठी ‘डोन्ट गेट कन्फ्यूज्ड’, ‘मला गोंधळवू नकोस’ यासाठी ‘डोन्ट कन्फ्यूज मी’, आणि ‘या दोहोंत गल्लत करू नकोस’ यासाठी ‘डोन्ट कन्फ्यूज द टू’. मराठीत तिन्ही ठिकाणी ‘कन्फ्यूज नको करू’ म्हणून भागते. इंग्रजीत भागत नाही.

टप्पा ३: रूप निवडा

आता शेवटचा ‘ड’ लावायचा की ‘इंग’, हे ठरवायचे. ज्याच्या मनात गोंधळ आहे, त्याला ‘कन्फ्यूज्ड’. ज्याच्यामुळे गोंधळ झाला, त्याला ‘कन्फ्यूजिंग’. अर्ज ‘कन्फ्यूजिंग’ असतो, अर्ज भरणारा ‘कन्फ्यूज्ड’ असतो. टप्पा २ मधले रकाने नीट भरलेले असतील तर विचार करायचे कारणच नाही: डावा रकाना ‘इंग’चा, उजवा ‘ड’चा.

माणसालाही ‘कन्फ्यूजिंग’ म्हणता येते, पण त्याचा अर्थ त्याचे वागणे किंवा बोलणे समजत नाही, असा होतो. ‘आवर न्यू मॅनेजर इज कन्फ्यूजिंग’ म्हणजे साहेबांचे काही कळत नाही. ‘आवर न्यू मॅनेजर इज कन्फ्यूज्ड’ म्हणजे साहेबांनाच काही कळत नाही. कार्यालयात हा फरक महागात पडू शकतो.

एक बारकावा पुढच्या पातळीवरील विद्यार्थ्यांसाठी. वस्तूला कधीच ‘कन्फ्यूज्ड’ लागत नाही, असे काही ठिकाणी शिकवले जाते. ते पूर्ण खरे नाही. ज्या कथनात किंवा उत्तरात काही क्रमच नाही, सगळे एकात एक मिसळले आहे, त्याला ‘अ कन्फ्यूज्ड अकाउंट’ किंवा ‘अ कन्फ्यूज्ड आन्सर’ म्हणतात. तेथे ‘विस्कळीत’ हा मराठी शब्द जवळचा आहे. सुरुवातीला हा प्रयोग स्वतः करू नका, पण वाचनात आला तर चुकीचा समजू नका.

‘आहे’ आणि ‘झालो’ यांतील फरक इंग्रजीत ‘ॲम’ आणि ‘गॉट’ यांनी दाखवला जातो. आत्ता या क्षणी कळत नसेल तर ‘आय ॲम कन्फ्यूज्ड’. एखाद्या ठिकाणी गोंधळ झाला आणि तो प्रसंग तुम्ही आता सांगत असाल तर ‘आय गॉट कन्फ्यूज्ड’. ‘आय गॉट कन्फ्यूज’ हे रूप अस्तित्वात नाही, तरी माझ्याकडे येणाऱ्या वह्यांमध्ये ते सर्वाधिक आढळते. ‘गॉट’ने काळ दाखवला म्हणजे पुढच्या शब्दाला काही लावायचे उरले नाही, असे वाटून ‘ड’ गळतो. मराठीतील ‘कन्फ्यूज झालो’ इथे सरळ सरळ डोकावते.

‘मी स्वतःच घोटाळा करून घेतला’ असे प्रामाणिकपणे म्हणायचे असेल, तर ‘आय कन्फ्यूज्ड मायसेल्फ’ हे शुद्ध इंग्रजी आहे. कर्म मिळाले की क्रियापद पुन्हा साधे चालते.

*पडताळा:* प्रत्येक वाक्यात ‘कन्फ्यूज्ड’च्या जागी ‘टायर्ड’ आणि ‘कन्फ्यूजिंग’च्या जागी ‘टायरिंग’ घालून पाहा. ‘आय ॲम टायरिंग’ असे दमलेले माणूस म्हणत नाही, हे कानाला लगेच कळते. मग ‘आय ॲम कन्फ्यूजिंग’ही खटकू लागते.

टप्पा ४: पुढचा छोटा शब्द: ‘विथ’, ‘अबाउट’ की ‘बाय’

आपण मराठीत म्हणतो, ‘या दोन गोष्टींत गल्लत करू नका.’ या ‘गोष्टींत’मधला शेवटचा ‘त’ आपल्याला इंग्रजीत ‘बिटवीन’कडे ढकलतो, आणि ‘आय ऑलवेज कन्फ्यूज बिटवीन परळ अँड लोअर परळ’ असे वाक्य तयार होते. क्रियापदापुढे ‘बिटवीन’ लावू नये. ‘आय ऑलवेज कन्फ्यूज परळ विथ लोअर परळ’ म्हणावे, किंवा दोन्ही नावे ‘अँड’ने जोडून ‘आय ऑलवेज कन्फ्यूज परळ अँड लोअर परळ’ म्हणावे. ‘बिटवीन’ला जागा आहे, पण ती नामानंतर: ‘देअर इज ऑफन कन्फ्यूजन बिटवीन द टू स्टेशन्स.’ क्रियापदाबरोबर ‘विथ’, नामाबरोबर ‘बिटवीन’, एवढे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा.

गोंधळ कशाबद्दल आहे, ते ‘अबाउट’ने सांगावे: ‘आय ॲम कन्फ्यूज्ड अबाउट द लास्ट डेट.’ गोंधळ कशामुळे झाला, ते ‘बाय’ने सांगावे: ‘आय वॉज कन्फ्यूज्ड बाय द अनाउन्समेंट.’ पुढे पूर्ण प्रश्न जोडायचा असेल तर ‘अबाउट’ गाळू नये. ‘आय ॲम कन्फ्यूज्ड विच फॉर्म टू फिल’ हे अपुरे आहे. ‘आय ॲम कन्फ्यूज्ड अबाउट विच फॉर्म टू फिल इन’ असे लिहावे.

‘कन्फ्यूज्ड विथ’ हाही शुद्ध प्रयोग आहे, पण त्याचा अर्थ निराळा आहे. ‘ही इज ऑफन कन्फ्यूज्ड विथ हिज ब्रदर’ म्हणजे लोक त्याला त्याचा भाऊ समजतात. ‘आय ॲम कन्फ्यूज्ड विथ दिस बिल’ असे लिहिले, तर काटेकोर वाचकाला लोक तुम्हाला बिल समजतात असा अर्थ लागू शकतो. बिलासाठी ‘बाय’ किंवा ‘अबाउट’च हवा.

चुकून लागलेल्या फोनवर एक वाक्य फार कामाला येते: ‘आय थिंक यू आर कन्फ्यूजिंग मी विथ समवन एल्स.’ समोरच्याला न दुखावता, तुमची गल्लत होते आहे असे सांगण्याचा हा सभ्य मार्ग आहे. मधला ‘मी’ आणि पुढचा ‘विथ’ दोन्ही म्हटलेच पाहिजेत. नुसते ‘यू आर कन्फ्यूजिंग मी’ म्हणून थांबलात तर ते ‘तुम्ही मला गोंधळवत आहात’ असे होते, आणि सुरात थोडा राग ऐकू येतो.

टप्पा ५: नाम वापरायचे असेल तर

‘कन्फ्यूजन’ हे नाम सहसा मोजले जात नाही. ‘मेनी कन्फ्यूजन्स’ लिहू नये; ‘अ लॉट ऑफ कन्फ्यूजन’ लिहावे. ‘आय हॅव अ कन्फ्यूजन’ याऐवजी ‘आय ॲम कन्फ्यूज्ड’ किंवा, खरे तर, ‘आय हॅव अ क्वेश्चन’. ‘आय ॲम इन कन्फ्यूजन’ हे ‘मी गोंधळात आहे’चे शब्दशः रूप आहे, तेही टाळावे.

माफी मागताना ‘सॉरी फॉर द कन्फ्यूजन’ लिहावे. दोघांनाही माहीत असलेला तो विशिष्ट गोंधळ असल्यामुळे तेथे ‘द’ आवश्यक आहे. पुढचा गोंधळ टळावा म्हणून सूचना देताना मात्र ‘टू अव्हॉइड कन्फ्यूजन’ असे ‘द’शिवाय लिहावे. गोंधळ दूर करणे यासाठी ‘क्लिअर अप द कन्फ्यूजन’ म्हणतात. ‘सॉल्व्ह’ हे क्रियापद प्रश्नाला आणि गणिताला ठेवावे.

टप्पा ६: उच्चार आणि स्पेलिंग एकत्र पक्के करा

जोर ‘फ्यू’वर द्यायचा आहे, ‘कन’वर नाही. शेवटचा ध्वनी ‘जन्म’मधल्या ‘ज’चा नाही. ‘जवळ’ आणि ‘जरा’ यांतला ‘ज’ त्याच्या अधिक जवळ आहे, फक्त जीभ न टेकवता तो लांबवायचा. इंग्रजीत प्राणिसंग्रहालयाला ‘झू’ म्हणताना सुरुवातीला जो ध्वनी येतो, तोच. मात्र तो लिहिताना ‘झेड’ नव्हे, ‘एस’ हे अक्षर येते. ‘इंग’ लावताना शेवटचे ‘ई’ गळते. ‘कन्फ्यूजन’मध्ये एकच ‘एस’ आहे. दोन लिहिलेत तर वाचणारा ते ‘डिस्कशन’सारखे वाचील. या नामातला ‘ज’ आणखी वेगळा आहे, ‘टेलिव्हिजन’च्या इंग्रजी उच्चारातला.

‘कन्फ्यूज्ड’ची दोनच अक्षरे उच्चारायची: कन्, फ्यूज्ड. ‘कन्फ्यूजेड’ असे तिसरे अक्षर तयार करू नये. अडचण अशी आहे की, ‘बाय’सारख्या व्यंजनापुढे हा ‘ड’ इतका हलका होतो की तो ऐकूच येत नाही. वर्षानुवर्षे इंग्रजी ऐकूनही अनेकांच्या कानाने तो कधी टिपलेलाच नसतो, आणि जे कानाने टिपले नाही ते तोंडात येत नाही. यावर उपाय म्हणून सराव नेहमी ‘अबाउट’ लावून करा. स्वरापुढे तो ‘ड’ मोकळा होतो आणि पुढच्या शब्दाला चिकटतो: ‘कन्फ्यूज्-डबाउट’. रोज दहा वेळा, मोठ्याने. लोकलमध्ये संकोच वाटत असेल तर स्थानकावरून घरी चालत जाताना करा.

टप्पा ७: शेजारचे शब्द कधी वापरावेत

‘मिस्टेक’ हे क्रियापद गल्लत कोणत्या दिशेने झाली ते सांगते. ‘ही मिस्टुक खार फॉर खारघर’ म्हणजे समोर होते खार, त्याला वाटले खारघर. ‘ही कन्फ्यूज्ड खार विथ खारघर’ या वाक्यात फक्त दोन नावांची सरमिसळ झाली एवढेच कळते. दिशा महत्त्वाची असेल तर ‘मिस्टेक’ घ्या, आणि त्याच्यापुढे ‘फॉर’ लावा. ‘कन्फ्यूज’पुढे ‘फॉर’ लावू नका.

‘पझल’मध्ये कुतूहल आहे, कोडे सुटत नाही म्हणून मन त्याभोवती फिरत राहते. ‘बॅफल’ त्याहून जोरकस आहे. काहीच धागादोरा सापडत नाही तेव्हा तो शोभतो. ‘बिविल्डर’ एकदम चहूबाजूंनी खूप काही अंगावर आले की वापरतात. पहिल्यांदाच संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर येऊन उभा राहिलेला माणूस ‘बिविल्डर्ड’ असतो. बोलताना ‘मिक्स अप’ सर्वांत सोपे आणि सर्वत्र चालणारे आहे.

‘कन्फ्यूज द इश्यू’ हा प्रयोग बैठकांमध्ये ऐकू येईल. मूळ मुद्दा बाजूला राहून नव्या माहितीने तो आणखी धूसर होतो, तेव्हा ‘धिस ओन्ली कन्फ्यूजेस द इश्यू’ असे म्हणतात. येथे गोंधळवलेले माणूस नसून मुद्दा आहे.

टप्पा ८: एक संदेश पूर्ण दुरुस्त करून पाहा

गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांना लिहिलेला हा नमुना पाहा. त्यात वरच्या बहुतेक चुका आहेत.

‘डिअर सेक्रेटरी, आय ॲम कन्फ्यूज बिटवीन टू नोटिसेस. मेंबर्स आर कन्फ्यूजिंग अबाउट वॉटर टायमिंग. प्लीज डोन्ट कन्फ्यूज अँड सॉल्व्ह अवर कन्फ्यूजन्स.’

आधी टप्पा १. सदस्यांना पाण्याची वेळ कळत नाही, म्हणजे आकडा १; शब्द योग्य आहे. मग टप्पा २. गोंधळवणाऱ्या दोन नोटिसा, गोंधळलेले सदस्य. टप्पा ३ प्रमाणे सदस्यांना ‘ड’ लागेल. टप्पा ४ प्रमाणे नोटिसांपुढे ‘बाय’, वेळेपुढे ‘अबाउट’. टप्पा ५ प्रमाणे नाम एकवचनी आणि क्रियापद ‘क्लिअर अप’. ‘डोन्ट कन्फ्यूज’ काढून टाकावे. सचिवांवर आरोप करण्याचा हेतू नव्हता.

‘डिअर सेक्रेटरी, आय वॉज कन्फ्यूज्ड बाय द टू नोटिसेस, अँड अदर मेंबर्स आर कन्फ्यूज्ड अबाउट द वॉटर टायमिंग्ज टू. प्लीज क्लिअर अप द कन्फ्यूजन.’

व्याकरण आता शुद्ध आहे, तरी सचिव उलट विचारतीलच की, गोंधळ नक्की कशात आहे? म्हणून शेवटचे वाक्य काढून त्याजागी दोन्ही नोटिसांतील वेळा लिहाव्यात आणि सरळ प्रश्न विचारावा: ‘द फर्स्ट नोटिस सेज सिक्स टू सेव्हन इन द मॉर्निंग, अँड द सेकंड सेज सेव्हन टू एट. विच वन इज करेक्ट?’ वहीतील उरलेल्या वाक्यांपुढेही असा एकेक प्रश्न लिहून पाहा. काही ठिकाणी प्रश्न लिहिल्यावर ‘कन्फ्यूज्ड’ हा शब्द खोडून टाकता येईल, तेथे तो खोडा.